लहर तीच, पण कोण किती शोषतं?

"मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून तापतं" आणि "ते रेडिएशन अन्नात राहतं, मग पोटात जातं", ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा ऐकलीत की आज बसून लिहूनच टाकते, कारण खरं काय होतं ते या दोन्हीपेक्षा कितीतरी भारी आहे आणि ते कुणी सांगतच नाही.

आधी घरी करून बघितलेलं सांगते. फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा खडा फडक्याने नीट टिपून कोरड्या वाटीत ठेवला आणि शेजारी अर्धा कप पाणी. मायक्रोवेव्ह लावला, दोन मिनिटांनी पाण्याला वाफा येत होत्या आणि खडा बराचसा होता तसाच! फक्त एका कोपऱ्याला माझ्या बोटाचा ओलावा राहिला होता, तिथे छोटा खळगा पडलेला. दोन्हीकडे पाणीच ना? मग असं का?

तर पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते. ओव्हनमधल्या मायक्रोवेव्ह लहरीचं विद्युत क्षेत्र सेकंदाला साधारण २४५ कोटी वेळा मागेपुढे होतं, रेणू त्याच्याबरोबर वळायला बघतो पण शेजारचे रेणू त्याला धरून ठेवतात, मग तो जरा मागे पडतो आणि या ओढाताणीतच लहरीची ऊर्जा उष्णता होते. बर्फात तेच रेणू जाळीत जखडलेले, वळायला जागाच नाही, म्हणून लहर जवळजवळ तशीच आरपार जाते. गोठलेली वस्तू वितळवताना एक कडा शिजते आणि मधे दगड राहतो ना, ते यामुळेच. जिथे आधी पाणी झालं तिथे शोषण वाढतं, शोषण वाढलं की अजून पाणी होतं आणि हे वाढतच जातं. डीफ्रॉस्टवर ओव्हन मधेमधे थांबतो तो ही उष्णता पसरायला वेळ मिळावा म्हणून.

२.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वरचेच सेकंदाला २४५ कोटी वेळा, ही पाण्याची खास फ्रीक्वेन्सी आहे असं शिकलेली माणसंही सांगतात, आणि मला ते फार खटकतं. नेहमीच्या तापमानाला पाण्याचं शोषण सगळ्यात जोरात होतं ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तशी लहर वापरली तर ती वरच्या मिलिमीटरभर थरातच संपून जाईल. २.४५ ला ती पाण्यात दीड-दोन सेंटीमीटर आत पोचते, तेवढा थर थेट तापतो आणि त्याच्या आतलं नेहमीसारखं उष्णता सरकत सरकत तापतं. म्हणजे "आतून तापतं" हेही गेलं. मीठ असेल तर लहर अजून वरवरच अडते कारण पाण्यात विरघळलेल्या मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तेही तिच्याबरोबर मागेपुढे धावतात.

तेलाचे रेणू फारसे ध्रुवीय नाहीत, म्हणजे त्यांना पाण्यासारख्या धन-ऋण बाजू जवळजवळ नाहीत, म्हणून ते पाण्यापेक्षा खूपच कमी शोषतं. काच, चिनीमाती यांतून लहर आरामात जाते, धातूवरून परत फिरते. पण माझा एक जुना मग होता, त्यातलं पाणी कोमट आणि मगाच्या कानाला हात लावला तर चटका! नीट बघितलं तेव्हा तळाच्या ग्लेझला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, केसाएवढी चीर दिसली, तिथून आतल्या मातीत पाणी मुरत होतं. कोरडी होती तोवर लहर जाऊ देणारी माती ओली झाल्यावर स्वतःच तापायला लागली. काचेचंही तसंच, ती लालभडक होईपर्यंत तापवली की तिच्यातले आयन सुटे होतात आणि तीही लहर शोषायला लागते.

आता आपलं शरीर. स्नायूंमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी, त्यात क्षार, म्हणून तिथे लहर दोनेक सेंटीमीटरमध्ये ओसरते. चरबीत पाणी कमी, तिथून ती बरीच पुढे जाते. पण जिवंत शरीरात रक्त फिरत असतं आणि ते उष्णता उचलून दुसरीकडे नेतं. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून जोरदार मायक्रोवेव्हमध्ये मोतीबिंदूची भीती असते. आणि हीच आत शिरायची ताकद उपयोगाचीही आहे बरं का, १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये जेम्स लव्हलॉक हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शून्य अंशाजवळ गार केलेले, हृदय थांबलेले उंदीर मायक्रोवेव्हने तापवून परत जिवंत केले होते. कातडी न भाजता ऊब आत पोचवायची, हाच सगळा प्रश्न होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काटा आला अंगावर.

राहिलं "रेडिएशन अन्नात उरतं" हे. दिवा बंद केल्यावर खोलीत उजेड उरतो का? रेणूतला बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या लाखो पटींनी कमी ऊर्जा मायक्रोवेव्हच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे लहरीच्या ऊर्जेच्या सगळ्यात लहान पुडीत, असते. मोबाईलचं ते एसएआर नावाचं मोजमाप आहे ना, वॅट प्रति किलो, तेसुद्धा फोनमधून किती बाहेर पडलं हे सांगत नाही, शरीराने किती शोषलं ते सांगतं. मला वाटतं शाळेत "रेडिएशन" हा शब्द शिकवताना त्याच्या शेजारीच "शोषण" शिकवायला हवं.

आणि भीती बाळगायचीच तर बाळाच्या दुधाच्या बाटलीची बाळगा. ओव्हनमध्ये लहरी एकमेकींवर पडून कुठे जास्त कुठे कमी अशा होतात, प्लास्टिक स्वतः फारसं शोषत नाही, त्यामुळे बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या दुधाचा एखादा भाग कढत असू शकतो. ती तिथे तापवूच नका, गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा, मग नीट हलवून थेंब मनगटावर टाकून बघा.