निरोगी माणसानं का भरायचं?

‘त्रस्त करदाता’ यांस,

तुमच्या पत्रातलं म्हणणं थोडक्यात असं: वय 34, व्यसन नाही, रोज पळता, दहा लाखांची आरोग्य विम्याची पॉलिसी स्वतःच्या खिशातून घेतलीत. मग तंबाखू खाऊन कॅन्सर ओढवून घेणाऱ्यासाठी तुमचा कर का जावा? ज्यानं त्यानं आपापलं पाहावं. आणि सगळ्यांच्या उपचारांचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा म्हणणारा मी ‘फुकट्यांची वकिली’ करतो.

वकिली मान्य. पण तुमचा हप्ता तुमच्या नावानं कुठे साठत नाही हो. यंदा कंपनी त्यातून ज्यांची बिलं भागवेल, त्यात तंबाखूवालेही असणारच. तुम्हाला त्यांची तोंडं दिसत नाहीत, एवढंच. फक्त स्वतःपुरतं भरायचं असेल तर एफडी करा.

आणि ‘स्वतःच्या खिशातून’? जुन्या आयकर प्रणालीत असाल तर या हप्त्यावर 25,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. सरकारनं सोडलेला हा पैसा इतरांच्या करातून भरून निघतो. त्या इतरांत पुडीवर कर भरणारा तुमचा तंबाखूवालाही आला!

‘आपापलं पाहावं’ हे चालवून बघू. तिशीतले धडधाकट म्हणणार, विमा आत्ता कशाला? मागे उरतात शुगरवाले आणि साठीपुढचे. हप्ता वाढतो, मग त्यांच्यातलेही जरा बरे असलेले बाहेर पडतात, हप्ता आणखी वाढतो. आपल्याकडे ज्येष्ठांचे हप्ते एवढे उसळले की जानेवारी 2025 मध्ये आयआरडीएआयला, म्हणजे विमा नियामकाला, कंपन्यांना बजावावं लागलं: वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचे तर आधी आम्हाला विचारा. जर्मनीत 1883 मध्येच चॅन्सेलर बिस्मार्कनं कामगारांना आजारविमा सक्तीचा केला, दोन तृतीयांश वाटा कामगाराचा, एक तृतीयांश मालकाचा. बिस्मार्क फुकट्यांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांना शह द्यायचा होता त्याला.

लांब कशाला, तुमच्या ऑफिसच्या गेटवरचा गार्ड बघा. पगार 20,000 असेल तर ईएसआयसीसाठी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यासाठी, त्याचे 150 रुपये कापतात, मालक 650 घालतो. वय किती, आधीचं दुखणं कोणतं, यावर त्याचा हप्ता ठरत नाही. बायको-मुलंही त्यातच. (ईएसआय दवाखान्यांची अवस्था हा वेगळा आणि संतापाचा विषय.) हप्ता आजारावर नाही, कमाईवर ठरावा, एवढंच माझं म्हणणं. पण 21,000 च्या वर पगार गेला की हा दरवाजा बंद, आणि ज्याला मालकच नाही त्या भाजीवालीसाठी तो उघडतच नाही. तिथे कराशिवाय इलाज नाही.

सरकारी आरोग्य योजनांचा पैसा खासगी हॉस्पिटलांच्या घशात जातो, हा तुमचा टोला मात्र बरोबर बसलाय. महात्मा फुले योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे, 5 लाखांपर्यंत. पण ती प्रामुख्यानं भरती झाल्यावर कामाला येते. बीपीची रोजची गोळी, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी हे सगळं खिशातूनच. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांच्या खिशातून गेला. म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधं, मग योजनांची कार्डं. इथे आपलं भांडण नसावं.

शेवटी चिडून विचारलंत, ‘मग पॉलिसी बंद करू का?’ अजिबात नको. सलग 60 महिने चालू ठेवलीत, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘अमुक आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फक्त रूमच्या भाड्यावर मर्यादा आहे का, ते आजच वाचा. असली आणि महागडी खोली घेतलीत, तर नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फीही त्याच प्रमाणात कापली जाऊ शकते.