चरबीचं क्रीम मुरुमांच्या चेहऱ्याला सौम्य असतं? एकेक वाक्य तपासून बघू

जूनपासून आमच्या खानापूर भागातल्या बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. बेळगाव, निपाणीच्या ग्रुपांवरही तोच आहे आणि चंदगडच्या पाहुण्यांकडूनही तोच परत येतो. मजकूर थोडक्यात असा: प्राण्याची कढवलेली चरबी, म्हणजे 'टॅलो', माणसाच्या त्वचेतल्या तेलासारखीच असते, म्हणून मुरुमांच्या चेहऱ्याला ती सगळ्यात सौम्य. ती झटकन आत मुरते, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं देते, तिच्यात रसायन नाही, आपले पूर्वज हेच लावायचे. सुरुवातीला पुरळ वाढलं तर घाबरू नका, आतली घाण बाहेर पडतेय. खाली घरी चरबी कढवायची कृती.

मी औषधाचं दुकान चालवते. काउंटरवर रोज दोन-चार तरी मुली मुरुमं घेऊन उभ्या असतात. या मेसेजवर विश्वास ठेवणाऱ्यांत माझी सख्खी भाचीही निघाली, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी त्यातलं खरं ते सांगते. मुरुमांच्या चेहऱ्यालाही ओलावा लागतो, हे अगदी बरोबर आहे. तेलकटपणा जावा म्हणून दिवसातून पाच वेळा साबणानं तोंड घासणाऱ्या मुली मी बघते. गाल ताणलेले, नाकाच्या कडेला साल निघालेली, आणि मुरुमं तिथंच. शिवाय मुरुमांवरची बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलीन ही औषधं त्वचा कोरडी करतात. आग व्हायला लागली की मुलगी औषधच सोडते. तेव्हा मॉइश्चरायझर लावाच. पण त्यासाठी चरबीच हवी, ही पुढची उडी मला मान्य नाही.

"माणसाच्या तेलासारखीच." चरबी म्हणजे जवळजवळ सगळी ट्रायग्लिसराइड, म्हणजे साध्या तेल-तुपात असतो तोच स्निग्ध प्रकार. आपल्या त्वचेतून येणाऱ्या तेलात, सीबममध्ये, साधारण पाव भाग मेणासारखे एस्टर असतात आणि दहा-बारा टक्के स्क्वालीन नावाचा तेलकट पदार्थ. चरबीत यांतलं नाव घेण्यासारखं काही नाही. सीबममधलं मुख्य स्निग्धाम्ल, म्हणजे फॅटी अ‍ॅसिड, सॅपिएनिक, ते माणसाचंच खास. गाईच्या चरबीत ओलेइक आम्ल ४० टक्क्यांच्या वर आणि लिनोलेइक जेमतेम दोन-तीन टक्के. मुरुमं असणाऱ्यांच्या सीबममध्ये लिनोलेइक आधीच कमी सापडतं आणि जास्तीचं ओलेइक त्वचेचा वरचा बांध सैल करतं. म्हणजे जे कमी आहे ते चरबी देत नाही, आणि देते ते नको असलेलं. घटकाभर धरून चालू की दोन्ही तेलं हुबेहूब सारखी आहेत. तरी ज्या चेहऱ्यावर तेल आधीच जास्त येतंय, त्याला वरून तसंच तेल कशाला? उतू चाललेल्या दुधात कोणी आणखी पेलाभर दूध ओतत नाही.

"झटकन आत मुरते." भाचीनं कुंद्याच्या रिकाम्या डब्यात बकऱ्याची चरबी कढवून ठेवली होती. जुलैचा पाऊस, चार दिवस ऊन नाही. मी बोटानं थोडी उकरली. मेणबत्तीच्या गाळासारखी पांढरट, कडेला पिवळी, आणि मटणाच्या रश्श्यावर थिजलेल्या तवंगाचा वास. मनगटावर चोळली तर पसरली, चकाकली. वर पाण्याचा थेंब टाकला, तो अळूच्या पानावरून घरंगळावा तसा गेला. दहा मिनिटांनी पुन्हा टाकला, पुन्हा घरंगळला. ही चरबी वितळायला चाळीस अंशांच्या वर ऊब लागते. चेहऱ्याची त्वचा तेहेतीस-चौतीसच्या आसपास. मग ती थर होऊन वरच बसते. हा थर आतलं पाणी उडू देत नाही, हे खरं. भेगाळलेल्या टाचेला तेच हवं असतं. पण चरबीत स्वतःचं पाणी नाही, आणि ग्लिसरीन जसं पाणी धरून ठेवतं तसंही काही नाही.

आता सगळ्यात वाईट वाक्य. "पुरळ वाढलं तर घाण बाहेर पडतेय." माझी भाची कपाळभर पुरळ घेऊन समोर बसली होती आणि मला सांगत होती, "मावशी, घाण बाहेर पडालीया म्हणं, आणि पंधरा दिवस लावतो की." त्या एका वाक्यानं तिला थांबू दिलं नव्हतं. सुरुवातीला मुरुमं थोडी वाढणं हा प्रकार खरा आहे, पण तो अ‍ॅडापॅलीन, ट्रेटिनॉइन अशा औषधांचा. ती त्वचेच्या पेशींची उलाढाल वाढवतात, त्यामुळे आत तयार होत असलेली मुरुमं लवकर वर येतात. चरबी असलं काही करत नाही. चरबी लावायला लागल्यावर पुरळ वाढलं तर संशय आधी चरबीवरच घ्यायचा आणि ती थांबवायची. आणि घाण म्हणतात ती कुठली? मुरुम म्हणजे मळ नव्हे. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी आणि तेल यांचा बूच बसतो, मागे जंतू वाढतात, सूज येते.

याच्या उलट बाजूनंही फसायला होतं. "आठ दिवस लावलं, काही झालं नाही," असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत. पण छिद्रात बूच बसल्यापासून मुरुम डोळ्याला दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आज लावलेल्याचा हिशेब महिन्या-दोन महिन्यांनी कळतो, आणि तोवर आपण दोष देतो शेंगदाण्याच्या चटणीला.

भाचीचं पुरळ मात्र निराळं होतं. केसांच्या रेषेला लागून एकसारखे बारीक दाणे, खाजणारे, गालावर जवळजवळ नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, ही मुरुमं कमी आणि यीस्टचं पुरळ जास्त. यीस्ट म्हणजे बुरशीचाच एक बारीक प्रकार, आणि मॅलासेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असतं. ते स्निग्धाम्लांवर जगतं. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात अंग कोरडं होतच नाही, वर चरबीचं जेवण मिळालं की त्याचं फावतं. चोपून तेल लावून वेणी घालणाऱ्या मुलींचं कपाळ बघा, तिथंही दाणे केसांच्या रेषेलाच. केसांच्या तेलानं किंवा पोमेडनं, म्हणजे केसांना लावायच्या घट्ट तेलकट मलमानं, येणाऱ्या असल्या मुरुमांचं वर्णन अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी १९७० सालीच करून ठेवलंय.

काही जणी म्हणतात, पदार्थ त्वचेची छिद्रं किती बुजवतो याचा शून्य ते पाच असा आकडा असतो, आणि टॅलोचा दोनच आहे. हे आकडे मुळात सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ लावून काढलेले. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा नाजूक, आणि आकडा पदार्थ बनवण्याच्या रीतीनंही बदलतो. त्यावर माझी भिस्त नाही, तुमचीही नसावी.

जीवनसत्त्वांचं थोडक्यात: चरबीत 'अ' नावापुरतंच. डॉक्टर देतात ते 'अ'च्या जातीचं औषध ठरलेल्या ताकदीचं असतं, ०.०२५ टक्के, ०.१ टक्का असं मोजून. डब्यातल्या चरबीत किती, ते कोण मोजणार?

"रसायन नाही" म्हणजे चांगलं, हेही तसंच. घरी कढवलेल्या चरबीत पाण्याचा अंश राहतो, ओली बोटं जातात, ती खवट होते. खवट तेल आपण फोडणीला घालत नाही, मग तोंडाला का चोळायचं? विकतच्या डब्याचंही बघा. कॉस्मेटिक्स नियम २०२० प्रमाणे लेबलवर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदत छापलेली असायला हवी. ओळखीच्या बाईनं घरून पाठवलेल्या डबीवर यातलं काहीच नसतं. आत कुठल्या प्राण्याची चरबी आहे, हेसुद्धा नाही. आमच्याकडे कितीतरी घरांत तो प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

पूर्वजांचं म्हणाल तर माझी आजी पावसाळ्यात टाचेला भिरंडेल लावायची. रातांब्याच्या बियांचं ते घट्ट तेल चुलीपाशी धरून मऊ करायची आणि भेगांत दाबायची. थंडीत ओठाला लोणी. चेहऱ्याला हरभऱ्याचं पीठ आणि साय, तीही धुऊन टाकायची. रात्रभर चरबी थापून झोपलेली बाई मी आमच्या घरात पाहिली नाही. तेल पाजतात ते अथणीच्या चपलांना. चामडं मेलेलं असतं, त्याला स्वतःचं तेल सुटत नाही, म्हणून पाजावं लागतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या कपाळाला ते रोज सुटतं.

मग लावायचं काय? सौम्य फेसवॉशनं दिवसातून दोनदा तोंड धुवायचं, ओलसर असतानाच ग्लिसरीन असलेलं पातळ जेल किंवा लोशन, वाटाण्याएवढं. डबीवर नॉन-कॉमेडोजेनिक, म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघून घ्यायचं. सकाळी सनस्क्रीन. बेंझॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांपासून सुरू केलेलं बरं, उशीच्या अभ्र्याचा रंग त्यानं उडतो हे आधीच सांगते. अ‍ॅडापॅलीन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि पोटुशी असाल किंवा तशी तयारी असेल तर नाहीच. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. गाठी दुखत असतील, खड्डे पडत असतील तर माझ्या काउंटरवर थांबू नका, बेळगावच्या सिव्हिलमध्ये त्वचेची ओपीडी आहे. आणि "गोरं करणारी ट्यूब द्या" म्हणून स्टेरॉइडचं मलम मागू नका. त्यानं मुरुमं आठवडाभर दबतात आणि मग दुपटीनं उठतात.

भाचीनं चरबी त्याच दिवशी बंद केली. डॉक्टरांनी बुरशीवरचं मलम आणि शाम्पू दिला, केसांचं तेल महिनाभर थांबवलं. गणपतीत ती घरी आली तेव्हा कपाळ मोकळं होतं. खाजवून पडलेले दोन काळे डाग डाव्या भुवईच्या वर अजून आहेत. ते जायला वेळ लागेल, हे मी तिला सांगितलंय. डबा तिच्या आजीनं टाचांसाठी ठेवून घेतला.