'यावर मी प्रार्थना केली आहे': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ख्रिस्ती शहाणपण आणि व्यवसायातलं नेतृत्व या विषयावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले तीन आक्षेप आहेत. मालक 'प्रार्थना करून ठरवलं' म्हणतो तेव्हा तो स्वतःच्याच इच्छेवर देवाचा शिक्का मारतो आणि हाताखालच्या माणसाला बोलायला जागा उरत नाही, हा पहिला. येशूच्या द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्यात उशिरा आलेल्यालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी मिळते, तसे पगार वाटले तर कुठलीही कंपनी बुडेल, हा दुसरा. आणि ख्रिस्ती मालकांनीही पिळवणूक केलीच, मग हे शहाणपण कामाला आलं कुठे, हा तिसरा.

पहिला सगळ्यात जास्त लागला. तो माझ्या बाबतीत खरा ठरलेला आहे.

काही वर्षांपूर्वी व्यवसायाची दुसरी शाखा काढायचं माझ्या मनाने घेतलं. बैठकीत सुरुवातीलाच मी म्हणालो, "यावर मी खूप प्रार्थना केली आहे." आमचे हिशेब पाहणाऱ्या सहकारी समोर बसल्या होत्या. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यांनी त्याची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली आणि तो फायलीत ठेवून दिला. मला ते दिसलं. मी विचारलं नाही. शाखा बंद करायची वेळ आली तेव्हा तो कागद मागून घेतला. येणी वसूल व्हायला लागणारा वेळ धरला तर हातातली रोकड सातव्या महिन्यात संपते, असं त्यावर पेन्सिलीने मांडलेलं होतं. झालंही तसंच. चार माणसांना कामावरून कमी करावं लागलं. त्या चौघांपैकी एकही जण त्या बैठकीला नव्हता.

माझी प्रार्थना खोटी नव्हती, पण निर्णय तिच्या आधीच झालेला होता. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) येशू विचारतो की बुरूज बांधायचा असेल तर माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करणार नाही का? तो तिथे शिष्य होण्याची किंमत सांगतोय, बांधकामाचा सल्ला देत नाहीये, हे मला ठाऊक आहे. पण दाखला त्याने असा निवडला की ऐकणाऱ्या कुणालाही तो उघड वाटावा. हिशेब तयार होता, समोर होता. बसायचं तेवढं माझ्याकडून राहिलं.

इथवर आपलं म्हणणं मान्य. पण ख्रिस्ती शहाणपण म्हणजे हेच, असं आपण म्हणता तिथे मी थांबतो. अधिकारावरच्या माणसाच्या स्वतःला फसवण्याच्या सवयीकडे ही परंपरा फार संशयाने बघते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यातला तिसरा अध्याय सल्लामसलतीबद्दल आहे. महत्त्वाचं काम निघालं की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण जे अधिक चांगलं आहे ते देव पुष्कळदा धाकट्याला दाखवतो. निर्णय शेवटी मठाधिपतीचाच, पण ऐकून घेतल्यानंतर. आता याच्या शेजारी बायबलमधला इस्राएलचा राजा, शलमोनाचा मुलगा रहबाम ठेवून बघा. लोक कामाचा जाच कमी करा म्हणत आले, वडीलधाऱ्यांनी ऐका म्हणून सांगितलं, आणि त्याने सल्ला मानला तो बरोबर वाढलेल्या तरुण सोबत्यांचा: आणखी कडक व्हा. इस्राएलच्या बारांपैकी दहा वंश त्याच्या राज्यातून फुटून निघाले. बेनेडिक्ट धाकट्यांचं ऐका म्हणतो आणि रहबाम तरुणांचं ऐकून बुडतो, यात मला विरोध दिसत नाही. मठातला धाकटा मठाधिपतीच्या मर्जीतला नव्हता. रहबामाचे सोबती मात्र त्याच्या दरबारात उभे होते, त्याला जे ऐकायचं होतं तेच त्यांनी ऐकवलं.

जेझुइट या ख्रिस्ती संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला तर आणखी बारकाईने शिरतो. मन खचलेलं, कोरडं पडलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, हा त्याचा नियम. दुसरं म्हणजे, कधीही न पाहिलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणायचा, त्याचं भलं व्हावं अशी इच्छा धरायची, त्याला काय सल्ला दिला असता ते ठरवायचं आणि मग स्वतः तेच करायचं. मी हे कागदावर करतो, माझ्या जागी 'एक मालक' असं लिहून. त्या मालकाला मी माझी ती शाखा काढू दिली नसती.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून पगाराचं धोरण ठरवू नये, तो देवाच्या कृपेबद्दल आहे. तरी त्यात एक गोष्ट आहे जी वाचताना निसटते. संध्याकाळ झाल्यावर मालक कारभाऱ्याला म्हणतो, मजुरांना बोलव आणि मजुरी दे. ही संध्याकाळ नियमशास्त्रातली, म्हणजे मोशेने दिलेल्या नियमांतली आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलंय. छोट्या पुरवठादाराचं बिल नव्वद दिवस अडवून आपली रोकड सांभाळणाऱ्याला हुशार म्हणतात. मीही ते केलंय. त्याच्या पैशावर माझा धंदा चालतो आणि व्याज तो भरतो.

आता तिसरा आक्षेप. यावर उदाहरण मीच देतो. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, चॉकलेट बनवणारं इंग्लंडमधलं कॅडबरी घराणं कामगारांना चांगलं वागवण्यासाठी नावाजलेलं होतं. १९०१ साली विल्यम कॅडबरी यांच्या कानावर आलं की साओ टोमे या आफ्रिकेजवळच्या पोर्तुगीज वसाहतीतल्या बेटावरच्या ज्या मळ्यांतून त्यांचा कोको येतो तिथे गुलामांकडून काम करून घेतात. विक्रीला निघालेल्या एका मळ्याची यादीही समोर आली. तिच्यात मालमत्ता म्हणून मजूर धरलेले होते, किंमत लावून. तिथला कोको घेणं कंपनीने थांबवलं ते १९०९ मध्ये. मधल्या काळात चौकशी झाली, माणूस पाठवला, अहवाल आला, पोर्तुगीज सरकारशी बोलणी झाली. एका वृत्तपत्राने ढोंग म्हटलं म्हणून कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो जिंकला, पण ज्युरीने भरपाई दिली एक फार्दिंग, तिथलं सगळ्यात लहान नाणं.

ही माणसं ढोंगी होती असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला झोपू देत नाही. ती आधी बसून हिशेब करत होती, अगदी लूकमध्ये सांगितल्यासारखी, आणि बसूनच राहिली. पैसा माझा लागणार असेल तर बसून हिशेब करायला हवा, मीही तो करतो. पण दुसऱ्याची मजुरी किंवा त्याचं आयुष्य अडकलेलं असेल तिथे सूर्यास्ताचा नियम लागतो. आठ वर्षं यादीतल्या त्या मजुरांची गेली.

आपण शेवटी विचारलंय, आमच्याकडचे जे सहकारी ख्रिस्ती नाहीत त्यांचं काय? प्रार्थना मी घरी करतो. बैठकीत ते वाक्य आता मी उच्चारत नाही. सगळ्यात नवीन माणूस आधी बोलतो, मी शेवटी. हिशेब पाहणाऱ्या त्या सहकारी अजून आमच्याकडेच आहेत. दर आठवड्याला थकलेल्या बिलांची यादी त्या माझ्या टेबलावर ठेवतात, सगळ्यात लहान पुरवठादार सगळ्यात वर.

मोठा निर्णय जाहीर करताना आपण प्रार्थना केल्याचं नेत्याने सहकाऱ्यांना सांगावं, असं मूळ लेखात मी लिहिलं होतं. ते वाक्य आज काढून टाकलं आहे आणि का काढलं ते तिथेच खाली लिहिलं आहे.