गोटा टायर म्हणजे स्लिक नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायला जाणाऱ्यांसाठी टायरचे सहा सल्ले त्यात आहेत. झिजून गोटा झालेले टायर टाकू नका, ट्रॅकवर तेच घाला, कारण रेसच्या स्लिक टायरलाही नक्षी नसते. टायर जितका रुंद तितकी पकड जास्त, म्हणून दोन साइझ वर जा. हवा ४० (पीएसआय) भरा, म्हणजे वळणावर टायर लोळत नाही. नायट्रोजन भरला की प्रेशर वाढतच नाही. ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा आकडा ज्याचा सगळ्यात कमी तो टायर घ्या. आणि बजेट कमी असेल तर चांगले टायर फक्त पुढे घाला, गाडी ओढणारी चाकं तीच.

माझ्या पुतण्याने हा मेसेज मला वाचून दाखवला तेव्हा तो दुसऱ्यांदा चेन्नईला निघायच्या तयारीत होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातले निदान तीन सल्ले जिवावर बेतणारे आहेत, आणि आपल्या भागातल्या माणसाला तर ते जास्तच महागात पडतील. कारण साधं आहे. कोल्हापूरला ट्रॅक आहे तो कार्टिंगचा, म्हणजे छोट्या उघड्या रेसगाड्यांचा. गाडी घेऊन जायचं तर बहुतेक वेळा कोइमतूरचा २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. दोन्ही बेळगावहून साधारण साडेआठशे किलोमीटर. ज्या टायरवर तुम्ही ट्रॅकवर फेऱ्या मारणार, बहुतेक वेळा त्याच टायरवर हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत जाणार आणि परत येणार. ट्रॅकवरचं एक सेशन पंधरा-वीस मिनिटांचं, दिवसाला चार-पाच. टायर निवडायचा तो या सगळ्या प्रवासाचा हिशेब धरून.

आता गोटा टायर. स्लिकला पकड येते ती रबरामुळे. ते रबर मऊ असतं, तापल्यावर चिकट होतं, आणि त्या तापमानात काम करण्यासाठीच बनवलेलं असतं. कोरड्या रस्त्यावर नक्षीची गरज नसते म्हणून नक्षी काढलेली असते, इतकंच. तुमच्या गाडीचा चार-पाच वर्षं वापरून गुळगुळीत झालेला टायर ही अगदी उलटी वस्तू आहे. उन्हाने, हवेतल्या ऑक्सिजनने आणि दरवेळी तापून थंड होण्याने त्याचं रबर कडक झालेलं असतं. नव्या टायरवर नख दाबून बघा आणि मग त्याच्यावर दाबा. फरक बोटालाच कळतो.

तरी या सल्ल्यात एक खरा धागा आहे, तो नाकारून चालणार नाही. रेसिंगमध्ये काही लोक नवा टायर मशीनवर घासून त्याची नक्षी कमी करून घेतात. खोडरबर उभं धरून वहीवर घासा. लांब असेल तर वाकतं, डगमगतं. आखूड असेल तर ताठ राहतं. टायरच्या नक्षीचे ठोकळेही तसेच. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते, ती जोरात वळताना वाकते, त्या वाकण्यानेच तापते आणि कधी कधी तिचे तुकडे उडतात. म्हणून कोऱ्या टायरपेक्षा थोडा चाललेला टायर ट्रॅकवर बरा. पण घासलेला टायर आणि म्हातारा टायर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घासलेल्याचं रबर ताजं असतं.

माझ्या मते पहिल्या तीन-चार ट्रॅक डेंना नक्षी चार-पाच मिलिमीटर उरलेला, सारखा झिजलेला आणि तीन वर्षांच्या आतला टायर सगळ्यात चांगला. वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूला शेवटी चार आकडे दिसतात. ‘३२२३’ असेल तर २०२३ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षीच्या खाचांत आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरवर असतात. रबर झिजून त्यांना टेकलं की तो टायर रस्त्यावरूनही बाद.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर खानापूर-चोर्ल्याच्या बाजूला काय पाऊस असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. नासाने विमानांच्या टायरवर अभ्यास करून एक साधं गणित मांडलं होतं. पाण्याला बाहेर पडायला वाट नसेल तर हवेच्या पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून त्याला नऊने गुणा. तितक्या नॉट (विमान-जहाजांचं वेगाचं माप) वेगाला टायर पाण्यावर तरंगायला लागतो. हवा ३२ असेल तर हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. नक्षी असते ती हे पाणी बाहेर ढकलायला. गोटा टायरवर हायवेला ९४ ही काही फार मोठी गोष्ट नाही, सगळेच त्याच्या वर असतात.

रुंदीचं बघू. टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि हवेवर ठरतं. रुंद टायर घातला की टेकणाऱ्या भागाचा आकार बदलतो, तो आडवा पसरतो आणि गाडीच्या दिशेत आखूड होतो. वळताना त्याचा फायदा होतो, उष्णताही जास्त रबरात वाटली जाते. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण दोन साइझ वर जाताना रिम तीच ठेवली तर टायरचे दोन्ही कठडे आत चिमटले जातात, मधला भाग फुगतो आणि वळणावर टायर जास्तच लोळतो. आपल्या हॅचबॅकचा पुढचा सस्पेन्शनही वळताना चाकाला बाहेरच्या कडेवर झोपवतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, जवळपास शून्य ठेवून रुंद टायर घातला तर सगळा भार त्या बाहेरच्या खांद्यावरच येतो, आतली रुंदी नुसती सोबत फिरते.

पुतण्याच्या गाडीला कंपनीचे १८५/६५ आर १५ आहेत. त्याला १९५/५५ आर १६ करायचे तर सहा ते साडेसहा इंची रिम हवी. चाकाची एकूण उंची मात्र जुळते, दोन्हींची ६२१ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. एवढी एक पायरी पुरे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि स्पीड रेटिंग (किती वेग झेलतो त्याचं अक्षर) कंपनीच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. ‘करीवर एवढा वेग येतोच कुठे’ असं पोरं म्हणतात. पण ती अक्षरं टायर सरळ पळताना किती उष्णता झेलतो त्याची आहेत. ट्रॅकवर ब्रेक आणि वळणं त्या उष्णतेत भर घालतात.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला लागत नाही. धातू असो की रबर, तापमान चुकलं की माल गेला. टायरचंही सगळं तापमानावर आहे, आणि हवेचा सल्ला मला त्यामुळेच सगळ्यात जास्त खटकतो.

थंड टायरमध्ये ४० भरून ट्रॅकवर उतरा. हवा सकाळी २७ अंशांवर असताना भरलीत आणि आतली हवा ७७ अंशांपर्यंत तापली, तर वायूच्या साध्या नियमाने ४० चे ४९ होतात. टायर मधोमध फुगतो, कडा उचलल्या जातात, मधली पट्टी चकाकते आणि गाडी घसरायला लागते. पुतण्याची पहिल्या खेपेला हीच गत झाली. एका वळणावर गाडी सरळ गवतात गेली. नशिबाने तिथे मोकळं रान होतं.

टायर लोळतो ही तक्रार खरी आहे, पण त्यावर उपाय मोजण्याचा आहे. दाराच्या चौकटीवर कंपनीने लिहिलेली हवा, फार तर त्यात दोन-तीन जास्त, एवढ्यावर सुरुवात करा. पहिल्या पाच-सहा फेऱ्या मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर या आणि टायर गरम असतानाच चारही मोजा. ३२ ची ३९ झालेली दिसेल. ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेचा असेल तर उजवी वळणं जास्त, म्हणून डाव्या बाजूची, त्यातही पुढची जास्त चढलेली असेल. मग सोडत सोडत चारही जागेवर आणा. किती सोडायची हे टायर सांगतो. खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, घासल्याची खूण त्याच्या जवळपास थांबली पाहिजे. त्रिकोणाच्या खाली कठड्यावर गेली तर हवा कमी आहे, वर नक्षीतच अडकली तर जास्त. जमल्यास टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड तिन्हींचं तापमान घ्या. सुई टोचून मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. लांबून मोजणारी गन वरचं कातडंच मोजते, आणि ते पिटमध्ये येईपर्यंत थंड झालेलं असतं.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथे गेजवर ३२ दाखवणारा टायर चेन्नईला तेवढ्याच तापमानाला ३१ पेक्षाही थोडं कमी दाखवतो, कारण खाली बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो. हवा गळालेली नसते. म्हणून इथे भरून निश्चिंत होऊ नका, तिथे पोचल्यावर टायर थंड असताना पुन्हा बघा.

नायट्रोजनबद्दल फार लिहावं लागत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दाब वाढण्याचा नियम दोघांना सारखाच. फरक पडतो तो आतल्या ओलाव्याने. पंपाच्या टाकीतलं पाणी वेळोवेळी काढणारा माणूस असेल तर त्याची हवाही चालते. नायट्रोजन भरला म्हणून मोजायचं सोडलं, तर तोटाच.

ट्रेडवेअरचा आकडा उपयोगी आहे, पण तो पकडीचा नाही. टायर झिजायच्या आधी किती टिकतो याचा तो आहे, १०० च्या एका ठरावीक टायरशी तुलना करून काढलेला. अमेरिकेत टेक्सासच्या रस्त्यांवर ११ हजार किलोमीटरहून जास्त चालवून ती चाचणी होते आणि आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना ठीक, दोन कंपन्यांत करू नका. अंदाजापुरतं बोलायचं तर रोजच्या वापराचे टायर ३०० ते ५०० च्या घरात, रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारे २०० च्या आसपास, सेमी-स्लिक, म्हणजे नावापुरती नक्षी असलेले मऊ टायर, १०० आणि त्याखाली. सगळ्यात कमी आकडा घेतलात तर सेमी-स्लिकवर साडेआठशे किलोमीटर जाताना निम्मं रबर हायवेवरच जाईल, आणि वाटेत पाऊस लागला तर तो टायर बिनकामाचा. शिवाय साधा टायर सुटायच्या आधी किंचाळून सांगतो, सेमी-स्लिक फार उशिरा सांगतो आणि मग एकदम सुटतो. शिकणाऱ्याला किंचाळणारा टायर हवा. पुढे हात बसला आणि हौस टिकली तर २०० चा सेट वेगळ्या रिमवर ठेवा. मागची सीट पाडली की हॅचबॅकमध्ये चारही चाकं मावतात.

फक्त पुढे चांगले टायर घालायचा सल्ला मात्र कुणीही, कुठल्याही बजेटमध्ये पाळू नका. पुढची पकड वाढली की तुम्ही वळणात जास्त वेगाने शिरता. आत गेल्यावर घाबरून पाय उचलला की वजन पुढे झेपावतं, मागचा भाग हलका होतो आणि जुन्या टायरवरची शेपटी फिरते. पुढचं चाक सुटलं तर गाडी सरळ जाते, ती निदान सावरता येते. मागचं सुटलं तर नवख्याच्या हातात काहीच उरत नाही. चारही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे. तेवढे पैसे नसतील तर कंपनीचे टायर चांगल्या अवस्थेत ठेवा आणि वाचलेल्या पैशात ताजं ब्रेक ऑइल टाका.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही, ती म्हणजे परतीची हवा. पहिल्या खेपेला दुपारी पुतण्याने गरम टायरमधून हवा ३४ वर आणली होती. गणित तेच, उलटं. ७७ अंशांवरचे ३४ रात्री थंड झाल्यावर २७ होतात. गाडीत तीन मित्र आणि सामान भरून तो तसाच निघाला. पहाटे दावणगेरेच्या अलीकडून फोन आला, “काका, गाडी डोलायलीय बघा, टायरला हात लावला तर भाजायलाय.” मी त्याला तिथेच बाजूला थांबायला सांगितलं. टायर निवल्यावर मोजले तर दोन २६ होते. गावाजवळच्या पंपावर चारही भरले तेव्हा गाडी सरळ चालली.

या वेळी त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यात आतून कागद चिकटवलाय. थंड हवा किती, गरम किती, आणि ट्रॅकवरून निघताना पहिल्या पंपावर थांबायचं.