शब-ए-मालवा आणि एक जास्वंद

माळव्याच्या वाऱ्याचं कौतुक इंदूरकर बाळगुटीबरोबरच शिकतो. पुण्याचा पाहुणा आला की जेवणं आटोपल्यावर त्याला गच्चीवर नेतात आणि ‘दिवसा कितीही तापू दे, रात्री आमच्याकडे असा वारा सुटतो बघा’ हे अशा थाटात सांगतात, की वाटावं वारा यजमानांनीच अर्ज करून मंजूर करून घेतलाय. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, हे तर इकडे सगळ्यांना पाठ. एवढ्या मोठ्या शहरात या वाऱ्याच्या नावाने बोटं मोडणारी जमात एकच, फुलांचे फोटो काढणाऱ्यांची. मी त्या जमातीतला.

मूळ दुखणं प्रेरणेचं. कुणा मोठ्या छायाचित्रकाराचं काम बघायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचा गजर लावायचा. इमोजेन कनिंगहॅम या अमेरिकन बाईंनी मुलं लहान म्हणून घराबाहेर पडणं जमेना, तेव्हा बागेतल्याच झाडांकडे मोर्चा वळवला. त्यांचं १९२५ सालचं मॅग्नोलियाचं फूल बघितलं की वाटतं, यात काय मोठंसं? जास्वंद आपल्याही कुंडीत आहे, कॅमेरा आहे, घराबाहेर पडायचा कंटाळाही आहे.

पुढे १९३२ मध्ये याच बाई, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी ‘एफ ६४’ नावाचा गट काढला. एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान. एफ ६४ म्हणजे अगदी बारीक छिद्र, त्यामुळे जवळचं-लांबचं सगळं रेखीव. हे वाचून प्रेरित माणूस आपल्या लेन्सची चकती थेट एफ २२ वर नेतो, आणि फोटो येतो साय धरल्यासारखा. कारण त्या मंडळींच्या निगेटिव्हचा आकार ८ बाय १० इंचांपर्यंत असे. त्यांचं एफ ६४ म्हणजे आपल्या फुल-फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, सेन्सरवर (फिल्मच्या जागी आलेल्या चकतीवर) जेमतेम एफ ८. त्याहून फार बारीक छिद्र केलं की प्रकाश कडेला वळून पसरतो आणि तपशील मऊ पडतो. मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या फोटोत, तर आणखी पंचाईत. वस्तू सेन्सरवर मूळ आकाराइतकीच उमटवायची, म्हणजे एकास एक प्रमाण घ्यायचं, तर एफ ८ प्रत्यक्षात एफ १६ सारखं वागतं. एफ २२ चं काय होत असेल ते ज्याचं त्याने समजावं.

आणि एवढं करून एकास एकला एफ ८ वर फोकसमध्ये काय राहतं? साधारण एक मिलिमीटर. जास्वंदीच्या मधल्या दांड्याच्या टोकाला पाच लाल मखमली ठिपके असतात, त्यांच्या खाली पिवळ्या परागकणांची दाटी. समोरून फोटो घेतला तर पाचातले दोन-तीन ठिपके स्पष्ट आणि बाकी पिवळं धुकं. उपाय सोपा आहे. समोरून घ्यायचंच नाही. कॅमेरा बाजूला आणून सेन्सर त्या दांड्याला समांतर ठेवायचा, म्हणजे असलेला मिलिमीटर दांड्याच्या लांबीवर सत्कारणी लागतो.

आता वारा. जमीन रात्रभर निवते, पहाटेपर्यंत तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते, वरचा वारा खाली उतरत नाही. ऊन चढलं, जमीन तापली की घुसळण सुरू. म्हणून उजाडल्यापासून तास-दीड तास हाच काय तो मुहूर्त. जास्वंदही तेव्हाच उमलते आणि एका दिवसाची धनीण असते. पण हा शोध लोकमान्यनगरातल्या समस्त काका-काकूंना माझ्या कितीतरी आधी लागलेला आहे. त्यांच्या हातात टोकाला आकडा लावलेली काठी आणि दुधाची धुतलेली पिशवी. कुंपण कुणाचं हा प्रश्न त्या वेळी अस्तित्वातच नसतो.

‘काकू, तेवढं एक राहू द्या. दहाच मिनिटं.’

‘अरे, पण देव खोळंबलेत!’

यावर उत्तर नाही. शिवाय फूल पिशवीत टाकता टाकता पुढचा प्रश्न येतोच, ‘लग्नाचे काढतोस का रे? काढत जा, त्यात पैसा आहे.’ लालबागेत गेलं तर तिथे वेगळी तऱ्हा. ‘भिया, कौन से चैनल से हो?’

काकूंच्या तावडीतून वाचलेलं फूल वाऱ्याच्या तावडीत असतं. फूल सेकंदाला फक्त एक सेंटीमीटर हललं असं धरू, म्हणजे डोळ्यांना ते जवळजवळ स्थिरच. १/१०० सेकंदात ते दशांश मिलिमीटर सरकलं. एकास एक प्रमाणात सेन्सरवरही तेवढंच, आणि चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशांचा, पिक्सेल असेल तर पंचवीस पिक्सेल. पाकळीवरच्या शिरा तिथेच पुसल्या. शटर उघडं राहण्याचा वेळ १/५०० सेकंद केला तर पाच पिक्सेलांवर येतं, पण मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, २०० ची १००० करावी लागते. वारा असा फुकटात काही देत नाही.

यातली खरी युक्ती मात्र शटरची नाही, उभं राहण्याची आहे. वारा आपल्या डावीकडून उजवीकडे किंवा उलट जाईल असं उभं राहावं. मग फूल चौकटीत आडवं डुलतं, पण लेन्सपासूनचं अंतर फारसं बदलत नाही. वारा समोरून किंवा पाठीमागून आला तर फूल पुढे-मागे होतं आणि तो एक मिलिमीटर गेलाच समजा. झोक्याच्या टोकाला फूल क्षणभर थांबतं, बटण तेव्हा दाबायचं. मधून जाताना त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो, आणि नवशिका नेमका तेव्हाच दाबतो, कारण तेव्हा ते चौकटीत छान मध्यावर दिसतं.

तरीही जमेना तर टेकू. अगरबत्तीची काडी लवते, उपयोगाची नाही. पतंगाची कामटी किंवा बांबूची जाड काडी कुंडीच्या कडेला, मुळं चुकवून, वीतभर खोल रोवावी. कपड्यांच्या चिमट्याच्या जबड्याला स्पंज गुंडाळावा आणि देठ फुलापासून चार बोटं खाली धरावा. वर धरला तर चिमटा फोटोत येतो. फार खाली धरला तर वरचा मोकळा देठ डुलतच राहतो. घट्ट धरला तर फूल दुपारपर्यंत मान टाकतं आणि घरात चौकशी बसते. वारा अडवायला छत्री हा प्रकार मला मान्य नाही. ती आधी स्वतः उडते, आणि लाल छत्रीच्या आडोशाला पांढरा मोगरा गुलाबी येतो. त्यापेक्षा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा बरा, आतून पांढरा कागद चिकटवला की उलट सावलीत थोडा उजेडही मिळतो.

कुंडी असेल तर सरळ उचलून उत्तरेच्या खिडकीपाशी आणावी. तिथला उजेड मऊ असतो, वारा नसतो, फक्त पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात इंदुरात, घरात माणसं असताना, पंखा बंद करा म्हणणं ही काय चीज आहे ते एकदा म्हणून बघावं.

या बाबतीत राजा दीनदयाळ शहाणे. ते इंदूरच्याच बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि नाव काढलं ते वाडे, किल्ले, देवळं आणि राजेरजवाड्यांच्या फोटोंवर. राजवाडा डुलत नाही. महाराजांनाही ‘जरा स्थिर’ म्हणता येतं.

नुसतं फूल पुरे झालं नाही की त्यामागे निसर्गही हवासा वाटतो. मग पाऊस ओसरताना पाताळपाणीचा धबधबा आणि पुढे रानफुलं. २४ मिलिमीटरची लेन्स, एफ ११, फोकस पावणेदोन मीटरवर, म्हणजे एका मीटरच्या अलीकडून थेट क्षितिजापर्यंत सगळं रेखीव. हिशोब चोख आहे. अडचण एवढीच की पाणी दुधासारखं दिसायला शटर सेकंदभर उघडं हवं. त्यासाठी सहा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) काळा फिल्टर लावला की १/६० चा साधारण एक सेकंद होतो, आणि तेवढ्या सेकंदात फुलं माना हलवून घेतात. पाणी हललेलं हवं आणि फूल न हललेलं, एकाच वाऱ्यात, एकाच फोटोत. ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्यायचे, एक फिल्टर लावून पाण्याचा, एक फिल्टर काढून १/२५० ला फुलांचा, आणि घरी ते जोडायचे. ट्रायपॉडचा एक पाय उताराकडे ठेवावा. तुषारांसाठी खिशात सुती फडकं हवंच.

इंदूरजवळच्या गुलावटच्या कमळांबद्दल थोडक्यात. यशवंतसागर जलाशयाच्या फुगवट्यावर ती आहेत, किनाऱ्यापासून लांब, म्हणून दोनशे-तीनशे मिलिमीटरची लेन्स लागते. होडीत ट्रायपॉड उभा करू नये, तो होडीबरोबर तेवढाच डोलतो. हातात धरून १/५००. आणि पोहे-जलेबी आटोपून सावकाश निघालात तर दुपारी पोचाल, तोवर कमळं मिटायला लागलेली असतात.

पळस मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला दिवसभर भेटतो. पळसाला पानं तीनच म्हणतात, ऐन बहरात तीही नसतात. नुसता केशरी रंग, आणि तोच घात करतो. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सरासरी काढून ‘ठीक आहे’ म्हणतो, तिकडे लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) भरून वाहिलेला असतो आणि पाकळ्या प्लास्टिकच्या दिसतात. एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा उजेड, पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवावं. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघावा, उजव्या भिंतीला लाल टेकला की आणखी कमी करावं.

एवढ्या खटपटीतून निघालेला फोटो शेवटी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. तिथे तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर पूर्ण आकारात जातो, पण मग मामीचा फोन येतो, ‘काहीतरी फाइल आलीय, उघडू का? बँकवाले तर नाहीत ना?’ साधाच पाठवला की तासाभरात तोच फोटो परत येतो, जास्वंदीच्या बरोबर मधोमध पिवळ्या ठळक अक्षरात ‘शुभ सकाळ’ लिहून. त्यामुळे फूल चौकटीत उजवीकडे आणि खाली घ्यावं, डावीकडे वर एक तृतीयांश जागा मोकळी सोडावी, आणि पार्श्वभूमी गडद हिरवी ठेवावी. त्यावर पिवळी अक्षरं उठून दिसतात.