म्हणे ‘जेवढं उंच, तेवढं भारी’!

दरवर्षी जून उजाडला की सिएटलच्या आसपासच्या मराठी ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो. यंदा तो मला पाच ठिकाणांहून आला, त्यातला एक खुद्द बायकोकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘अल्पाइन लेक्समधलं शिखर कसं निवडाल? ६,००० फुटांखालच्या टेकड्यांवर वेळ घालवू नका, जेवढं उंच तेवढा नजारा भारी. ८ मैलांच्या आत असेल तर सोपं समजा. इथे ७०० तळी आहेत, कुठेही चढा, तळं दिसणारच. मे संपला की बर्फ संपला. आपण सह्याद्रीवाले, आपल्याला काय अवघड! मोठा ग्रुप करा, मजा येते.’ शेवटी दोन लाल बदाम आणि एक भगवा झेंडा.

यातली ७०० तळी तेवढी खरी आहेत. बाकी एकेक बघू.

आधी उंची. अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस हा कॅस्केड पर्वतरांगेतला, स्नोक्वालमी आणि स्टीव्हन्स या दोन खिंडींच्या मधला मुलूख, १९७६ साली कायद्याने राखलेला. त्यातलं सर्वांत उंच शिखर माउंट स्टुअर्ट, ९,४१५ फूट. निरोपाच्या हिशेबाने सगळ्यांनी तिकडेच पळायला हवं. पण स्टुअर्टच्या माथ्यापर्यंत पायवाट जातच नाही. त्यातल्या त्यात सोप्या मार्गावरही घसारा, बर्फ आणि हातापायांनी चढायचे कातळ आहेत. ते गिर्यारोहकांचं काम, शनिवारी सकाळी डबा घेऊन निघणाऱ्यांचं नाही.

शिवाय स्टुअर्टवर उभं राहून स्टुअर्ट दिसत नाही! लिंगाणा बघायचा तर आपण मोहरीहून रायलिंग पठारावर जातो, तसंच हे आहे. दक्षिणेला टियानवे भागात आयर्न पीक नावाचं ६,५१० फुटांचं शिखर आहे, स्टुअर्टपेक्षा जवळजवळ ३,००० फुटांनी ठेंगणं. तिथे पोचलं की दरीपलीकडे स्टुअर्टची अख्खी दक्षिण भिंत समोर उभी राहते. वाट माथ्यापर्यंत जाते, तिथे बसून लाडू खाता येतो. टियानवेचा आणखी एक फायदा आहे. पर्वतरांगेच्या पूर्वेला तो पर्जन्यछायेत येतो, म्हणजे आपल्याकडे महाबळेश्वर ओलं आणि वाई कोरडी असते तसं. स्नोक्वालमी खिंडीत वायपर सुरू असतो आणि पुढे तासाभरात गॉगल घालावा लागतो. शिखर ठरवताना मी उंचीच्या आधी ढग कोणत्या बाजूला आहेत ते बघतो.

६,००० फुटांच्या चाळणीतून स्नोक्वालमी खिंडीच्या बाजूची ग्रॅनाइट माउंटन (५,६२९ फूट) आणि बँडेरा (५,२४१ फूट) ही दोन्ही शिखरं गळतात. मुळात आकडे आपल्या सवयीने वाचू नयेत. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. ग्रॅनाइट तिच्यापेक्षा जेमतेम २३० फुटांनी उंच. पण हा प्रदेश ४७ अंश उत्तरेला आहे. इथे त्याच उंचीवर झाडं खुरटायला लागतात आणि कातळ, गवत, बर्फ सुरू होतं.

मैलांचं गणित तर साफ फसवं. त्याच बाजूच्या मेलबॉक्स पीक या शिखराची जुनी वाट एका बाजूने अडीच मैलच आहे, पण तेवढ्यात सुमारे ४,००० फूट चढायचे, मैलाला १,६०० फूट. नवी वाट ४.७ मैलांची, जवळपास दुप्पट लांब, तरी गुडघ्यांना विचाराल तर तेही तिचंच नाव घेतील. याउलट स्नो लेक या तळ्याला जाऊन-येऊन सुमारे ७ मैल आणि सगळा मिळून चढ १,८०० फुटांच्या आसपास. निरोपाप्रमाणे मेलबॉक्सची जुनी वाट ‘सोपी’, कारण जाऊन-येऊन ५ मैल. मग स्नो लेकला काय म्हणायचं? एकूण चढाला एका बाजूच्या मैलांनी भागा. ५०० आलं तर घरच्या सगळ्यांना न्या, ९०० आलं तर आदल्या रात्री लवकर झोपा. ग्रॅनाइट साधारण ९०० च्या घरात येतो.

आता तळी. निरोपातली सर्वांत चुकीची आणि माझी सर्वांत लाडकी चूक हीच. ‘कुठेही चढा, तळं दिसणारच.’ नाही दिसत. ही तळी पावसाच्या पाण्याने कुठेही साचलेली डबकी नाहीत. हिमयुगात शिखरांच्या कुशीत बर्फ साठला, त्याच्या भाराने आणि घासण्याने कातळात वाट्यांसारखे खोलगट भाग कोरले गेले. बर्फ गेला, वाट्यांत पाणी राहिलं. या गोलार्धात उत्तरेच्या उतारांवर ऊन कमी, म्हणून तिथे बर्फ जास्त टिकला आणि जास्त कोरला. त्यामुळे बरीच तळी शिखराच्या उत्तरेला किंवा ईशान्येला सापडतात. कोलचक लेक घ्या, ड्रॅगनटेल आणि कोलचक या दोन शिखरांच्या उत्तर पायथ्याशी.

उलट पायवाटा बऱ्याचदा दक्षिणेच्या उतारावरून जातात, तिथलं बर्फही आधी वितळतं. म्हणजे तुम्ही चढता एका बाजूने आणि तळी असतात दुसऱ्या बाजूला. ग्रॅनाइटवर हे अगदी नाटकासारखं घडतं. वर जाईपर्यंत पाठीशी महामार्गाची घरघर, दक्षिणेला स्वच्छ दिवशी रेनिअर या ज्वालामुखी पर्वताचा पांढरा घुमट, आणि तळ्याचा मागमूस नाही. शेवटी मोठमोठ्या दगडांवरून टेहळणीच्या जुन्या खोलीपाशी पोचायचं, तिला वळसा घालून उत्तरेकडे डोकवायचं, की खाली क्रिस्टल लेक आणि पलीकडे टस्कोहॅची तळी. एका मैत्रिणीच्या मुलाने तिथे ‘हे इतका वेळ कुठे होतं?’ असं विचारलं होतं. त्या पोराला नकाशावर उत्तर दिशा दाखवली, बास. शिखर निवडताना नकाशात हेच बघावं: माथ्याच्या उत्तरेला निळे ठिपके आहेत का, आणि मध्ये दुसरी धार आडवी येत नाही ना.

‘मे संपला की बर्फ संपला’ हे वाक्य मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. काही वर्षांपूर्वी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी याच ग्रॅनाइटवर गेलो होतो. खाली गाडीपाशी टी-शर्टमध्ये घाम. वरच्या टप्प्यात वाट बर्फाखाली गेली. एका मोठ्या दगडाला हात टेकायचा म्हणून त्याच्या अगदी लगत पाय टाकला आणि मांडीपर्यंत आत गेलो. उन्हाने दगड तापतो, त्याच्या कडेचं बर्फ आतून वितळून पोकळी होते आणि वर पातळ पापुद्रा उरतो. पाय निघाला, बूट आतच. तो काढायला पंधरा मिनिटं लागली आणि नडगीवरची खूण अजून आहे. माथा समोर दिसत असताना परत फिरलो. याच डोंगराची नेहमीची वाट एका रुंद घळीतून आडवी जाते, आणि हिवाळ्यात आणि वसंतात तर त्या घळीतून हिमलोट येतात. तिथे माणसं दगावली आहेत. पायथ्याशी ऊन असतं, रस्ता कोरडा असतो, आणि म्हणूनच फसायला होतं. पाच-साडेपाच हजारांच्या वर जायचं तर मी जुलैच्या मध्यापर्यंत थांबतो, आणि जाण्याआधी त्याच आठवड्यात जाऊन आलेल्यांनी काय लिहिलंय ते वाचतो.

सह्याद्रीवाल्यांबद्दल. मीही त्यातलाच, त्यामुळे टोमणा मारत नाही. घसाऱ्यावर पाय कसा ठेवायचा, कातळावर वजन कुठे द्यायचं, हे आपल्याला येतं आणि इथे कामी येतं. पण आपल्याला बर्फाची सवय नाही, आणि दुसरी एक सवय फार आहे: खाली गाव असतंच. वाट चुकली की कुत्र्याच्या भुंकण्याच्या दिशेने उतरायचं, कोणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी मिळते. इथे चुकीच्या दरीत उतरलात तर पुढे नदी, जंगल आणि आणखी जंगल. फोनला रेंज नाही. डाउनलोड केलेला नकाशा, हेडलॅम्प आणि जास्तीचं जॅकेट जूनच्या उन्हातही सॅकमध्ये असू द्या.

राहिला मोठा ग्रुप. या वाइल्डरनेसमध्ये एका गटात १२ पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, आणि एन्चान्टमेंट्स या स्टुअर्टजवळच्या, परमिट लागणाऱ्या तळ्यांच्या भागात तर ८. आमच्या ग्रुपवर ग्रॅनाइटसाठी सध्या २३ नावं आहेत आणि ‘पुढेमागे चालू, वर भेटू’ असा तोडगाही येऊन पडला आहे. ती पळवाट झाली. अर्ध्यांनी बँडेराला जावं. चिवड्याचा मोठा डबा कोणाबरोबर जाणार, यावर काल रात्रीपासून वाद चालू आहे.