वावरावर हिरवा रंग पडला म्हणून विकायला निघालात?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अबे, आपलं वावर गेलं म्हनते. हिरवा रंग पडला त्याच्यावर." मागून मामीचा रडवेला आवाज.

झालं असं की आमच्या नगरपरिषदेनं प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची याचा कच्चा नकाशा, जाहीर केला आणि दोन दिवसांत गावातल्या झाडून साऱ्या ग्रुपवर एक मेसेज फिरला. वर लाल भोंगे, खाली "जास्तीत जास्त शेअर करा". मजकूर थोडक्यात असा: नकाशात जे वावर हिरवं दिसते ते सरकारजमा होणार. आरक्षण (म्हणजे बगिचा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवणं) पडलं की कायमचं, मोबदला एक रुपया नाही. 30 दिवसांच्या आत विकलं तरच वाचाल. हद्दीत येणाऱ्यांचं घरकुल बंद, घरपट्टी दहापट. आणि एवढ्याशा गावाला आराखडा लागतेच कशाला?

हाच मेसेज मोबाइलवर दाखवत एक माणूस संध्याकाळी मामाकडे येऊन गेला होता. सकाळी 51 हजारांचा इसार घेऊन परत येणार होता. भाव बाजाराच्या निम्मा. म्हणून चिडून लिहितो आहे.

सकाळी मामाला घेऊन नगरपरिषदेत गेलो. जिन्याजवळ नकाशाचा फ्लेक्स टांगलेला, खसऱ्याचे आकडे मुंगीएवढे. मोबाइलनं फोटो काढून मोठा केला तेव्हा मामाचं वावर सापडलं. हिरवंच होतं. पण बाजूची रंगांची सूची वाचायची तसदी कोणी घेतली होती का? पिवळा रहिवासी, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग आणि हिरवा शेती. म्हणजे मामा आज तिथं जे करतो तेच. सातबारा त्याच्याच नावावर राहतो. बगिचाचं किंवा मैदानाचं आरक्षणही कधी हिरव्यात दाखवतात, पण त्याला चौकट असते, आरक्षण क्रमांक असतो आणि ते कशासाठी हेही नमूद असते. तेव्हा रंगावर जाऊ नका, आकडा शोधा.

आता त्या 30 दिवसांबद्दल, कारण खरी बदमाशी इथं आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात कलम 26 खाली ही मुदत दिली आहे ती हरकती आणि सूचना देण्यासाठी. साध्या कागदावर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहायचा, सोबत सातबारा आणि नकाशाची प्रत जोडायची, पोच घ्यायची. त्यावर नियोजन समितीपुढं सुनावणी होते. मग बदल होऊन आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. जिन्याजवळ टांगलेला कागद अजून प्रारूप आहे. ज्या महिन्यात मालकाचं ऐकून घ्यायची सोय कायद्यानं केली, त्याच महिन्यात त्याला घाबरवून सौदाचिठ्ठीवर सही घ्यायची. मेसेज लिहिणाऱ्याला कायदा कळत नाही असं मला वाटत नाही. चांगला कळतो.

"आरक्षण कायमचं" हेही धादांत खोटं. त्याच कायद्याचं कलम 127 काढून वाचा. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. आणि पावलं म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे: नुसता ठराव घेतला, प्रस्ताव वर धाडला, एवढ्यानं भागत नाही. मोबदल्याचं म्हणाल तर 2013 च्या भूसंपादन कायद्यानं घेतलेल्या जमिनीला बाजारभाव आणि वर तेवढीच दिलासा रक्कम आहे.

आता जे खरं आहे तेही सांगतो, नाइलाजानं. आरक्षण टाकून नगरपरिषद वर्षानुवर्षं झोपून राहते, कारण तिच्याकडं पैसाच नसतो. तोवर मालकाला ना बांधता येत ना नीट विकता येत. पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडं जास्तीचं बांधकाम करायचा विकता येणारा हक्क, घ्या म्हणतात, पण आमच्यासारख्या गावात तो विकत घेणार कोण? बारा वर्षं थांबा हे सांगायला सोपं, ज्याची पोरगी लग्नाची आहे त्याला विचारा. हा राग रास्त आहे. पण म्हणून निम्म्या भावात सही करायची?

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो. घरकुल बंद होत नाही, योजना बदलते. ग्रामीणमध्ये मूळ अनुदान 1 लाख 20 हजारांचं, शहरीत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक, असे अडीच लाख. अडते ते जागेच्या कागदावर. आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा उतारा) किंवा पट्टा नसेल तर तिथं गाडी रुतते, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. घरपट्टी वाढते, कबूल. दहापट कुठून आणली ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय हद्दवाढ आणि आराखडा या दोन वेगळ्या भानगडी आहेत, त्यांची खिचडी करू नका.

"एवढ्याशा गावाला आराखडा कशाला?" हे विचारणाऱ्यानं यवतमाळला चक्कर मारावी. 2011 च्या जनगणनेत शहर 1 लाख 16 हजारांचं, आणि वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा कागदावर शहराबाहेर. प्रत्यक्षात घराला घर लागलेलं. आधी प्लॉट पडले, हद्द मागून आली. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी धरणं आटली तेव्हा टँकरमागं हंडे घेऊन धावणाऱ्या बाया साऱ्यांनी पाहिल्या. पाऊस कमी झाला होताच, पण किती माणसांना पाणी पुरवायचं हे आधी मोजावं लागते. आराखडा नसला म्हणून गाव वाढायचं थांबत नाही, ले-आउटवाला वाढवतो. मंजूर ले-आउटला 4000 चौरस मीटरच्या वर 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. विनामंजुरीच्या ले-आउटमध्ये तीही प्लॉट पाडून विकली जाते, मग नाली कुठून काढायची आणि अंगणवाडी कुठं बांधायची?

मामाच्या नकाशात खरी अडचण वेगळीच निघाली. 18 मीटरचा प्रस्तावित रस्ता थेट त्याच्या विहिरीवरून जातो. हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. मामा फ्लेक्ससमोर उभा राहून म्हणाला, "बाजूनं सरकारी नाला हाय, त्याच्या काठानं काऊन नाही नेला?" तेच वाक्य जरा सरळ करून अर्जात लिहिलं, विहिरीचा फोटो जोडला आणि पोच घेतली.

इसारवाला अजून दिवसाआड फोन करतो. काल त्यानं एकरी दोन लाख वाढवून सांगितले.